लॉगिन कुठे अडले? : प्रस्तावना

ही पुस्तिका एका नेमक्या अडचणीविषयी आहे. लिनक्सचा कर्नल स्वतः कम्पाइल केला, संगणक नव्या कर्नलवर सुरू झाला, डेस्कटॉप आला, माउस हलला. पण रोजचे ॲप्लिकेशन काही केल्या लॉगिन घेईना. युजरनेम तेच, पासवर्ड तोच, काल संध्याकाळपर्यंत सगळे सुरळीत होते. विद्यार्थी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतो, मग तो बदलायची खटपट करतो, मग ॲप्लिकेशन काढून नव्याने टाकतो आणि शेवटी हार्ड डिस्क फॉरमॅट करून मोकळा होतो. त्यानंतर लॉगिन होते खरे, पण ते आधी का अडले होते याचा सगळा पुरावा त्या फॉरमॅटमध्ये पुसला जातो. तो पुरावा वाचायला शिकवणे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील मुले-मुली डोळ्यांसमोर ठेवून मजकूर लिहिला आहे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे आणि दोन्ही जिल्ह्यांसाठीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत उभे राहिले. आता कोरची, एटापल्ली, जिवती, सिरोंचा अशा तालुक्यांतली मुलेही संगणकाच्या अभ्यासक्रमांना येतात. पण गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे आणि पर्लकोटा नदीला पूर चढला की भामरागडचा रस्ता बंद होतो. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात अडलेला विद्यार्थी शेजारच्या खोलीत विचारतो किंवा नवी आयएसओ फाइल काही मिनिटांत उतरवून घेतो. इकडे चार-पाच जीबीची फाइल पुन्हा उतरवायची म्हणजे नेटवर्क मिळते त्या टेकाडावर किंवा तालुक्याच्या गावी जाऊन बसायचे. ‘सगळे पुसून परत टाकू’ हा सल्ला देणाऱ्याला स्वस्त पडतो, घेणाऱ्याला नाही. म्हणून बिघाड जिथे आहे तिथेच बोट ठेवता येणे, ही इथल्या विद्यार्थ्याची खरी गरज आहे.

कर्नल म्हणजे काय, हे वाचकाला ढोबळपणे माहीत आहे असे मी धरतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या छोट्या कार्यप्रणालीची वाच्यता केली. आज तिच्यातून वाढलेल्या लिनक्स कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत. बहुतेक पर्यायांना हो किंवा नाही, आणि काहींना ‘मॉड्यूल म्हणून’ असेही उत्तर देता येते. स्वतः कम्पाइल करणारा त्यातले शे-दोनशे पर्याय डोळ्यांखालून घालतो आणि बाकीचे जसेच्या तसे सोडतो किंवा जागा वाचावी म्हणून घाऊक बंद करतो. बिघाड बहुतेक वेळा या घाऊक बंद केलेल्यांत असतो.

आता लॉगिनकडे पाहू. पडद्यावर दोन चौकोन आणि एक बटण दिसते म्हणून ते एकच काम वाटते. प्रत्यक्षात बटण दाबल्यावर विनंती बऱ्याच हातांतून जाते. ॲप्लिकेशन नेटवर्क मागते, पत्ता शोधते, सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासते, पासवर्ड पाठवते किंवा याच संगणकावरच्या, ओळख तपासणाऱ्या पॅम व्यवस्थेकडे देते. पॅम तो जुळवून पाहते, मग सत्र उघडते, टर्मिनल किंवा खिडकी देते, वापरकर्त्याचे होम फोल्डर जोडून देते. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कर्नलकडे काही ना काही मागितले जाते. आलापल्लीहून निघालेला सागवानाचा ट्रक वाहतूक परवाना घेऊन जसा एकेक तपासणी नाका ओलांडत जातो, तशी ही विनंती पुढे सरकते. ट्रक पोहोचला नाही म्हणून कोणी परवाना नव्याने काढायला धावत नाही. तो कोणत्या नाक्यावर उभा आहे ते आधी विचारले जाते. लॉगिनच्या बाबतीत मात्र आपण सरळ पासवर्ड बदलायला धावतो, कारण पडद्यावरचा मेसेज तसेच सुचवत असतो.

हा मेसेज बहुधा अपुरा असतो, हे पुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे म्हणणे आहे. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने डझनभर कारणांसाठी ‘लॉगिन अयशस्वी’ हे एकच वाक्य ठेवलेले असते. कर्नलने दिलेले मूळ उत्तर त्याच्यामागे असते आणि ते फार स्पष्ट असते: ही सोय इथे नाही, हे उपकरण इथे नाही, तुला परवानगी नाही. ही तीन उत्तरे तीन वेगळ्या दिशांना नेतात. ती लॉगमध्ये आणि ॲप्लिकेशन कर्नलकडे काय मागते ते टिपणाऱ्या स्ट्रेस या साधनाच्या नोंदीत मिळतात. त्यांचे वाचन हा पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग आहे.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ते आपल्याकडच्या परिस्थितीत हमखास घडेल असे आहे. वसतिगृहातला जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम. इंटरनेट म्हणजे खिशातला फोन, लागेल तेव्हा यूएसबी केबलने जोडायचा. विद्यार्थ्याला कर्नल लवकर तयार व्हायला हवा, म्हणून तो ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा वापरतो. स्टीव्हन रोस्टेड यांनी तयार केलेली ही सोय २००९ पासून कर्नलमध्ये आहे. या क्षणी जी मॉड्यूल चढलेली आहेत तेवढी ती ठेवते, बाकीची बंद करते. कम्पाइल करण्याचा वेळ कित्येक पटींनी कमी होतो आणि जुन्या यंत्रावर ती वरदानच वाटते. पण ती आज्ञा चालवली तेव्हा फोन चार्जिंगला भिंतीला लावलेला होता आणि संगणक सुरू केल्यापासून तो एकदाही यूएसबीला जोडला नव्हता. त्यामुळे टेदरिंगसाठी लागणारे ‘आरएनडीआयएस होस्ट’ मॉड्यूल आणि त्याच्या जोडीचे ‘सीडीसी इथर’ त्या क्षणी चढलेलेच नव्हते. यादीत नाव नाही, म्हणून नव्या कर्नलमधून ते गळले.

नव्या कर्नलवर फोन जोडला की तो चार्ज होतो, त्यामुळे केबल ठीक आहे असे वाटते. फोनवर टेदरिंग ‘चालू’ दिसते. संगणकात मात्र नेटवर्कचे नवे नाव उगवतच नाही. विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासवर्गाचे ॲप्लिकेशन उघडले की जुने नाव-गाव आठवणीतून दाखवते, पासवर्ड मागते आणि म्हणते, लॉगिन अयशस्वी. अशा वेळी ‘भाऊ, लॉगिनच होऊन नाही राहिलं’ असे म्हणणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो, पण तो सगळ्यांत शेवटच्या टप्प्याकडे पाहत असतो. नेटवर्कची यादी दाखवणारी एक आज्ञा आणि कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या असत्या तर फोन यूएसबीवर ओळखला गेला पण त्याला ड्रायव्हर मिळाला नाही, हे लगेच दिसले असते. उपायही साधा आहे: आज्ञा चालवण्याआधी फोन, डोंगल, प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन, पेनड्राइव्ह, जे जे कधीतरी लागते ते एकेकदा जोडून घ्यायचे. चढलेल्या मॉड्यूलची यादी फाइलमध्ये जपून तीच पुढे वापरायची सोयही त्या आज्ञेत आहे. व्हीपीएनवरून चालणाऱ्या कार्यालयीन ॲप्लिकेशनला लागणारे ‘टन’ मॉड्यूल याच रीतीने गळते, तेही लक्षात ठेवावे.

दुसरा एक प्रकार असा की ॲप्लिकेशनचा डेटाबेसच उठत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा प्रकल्पासाठी स्थानिक सर्व्हरवर पोस्टग्रेएसक्यूएल चालवले असेल आणि कर्नलमध्ये ‘सिस्टिम व्ही आयपीसी’ बंद केलेले असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएल सुरू होतानाच सामायिक स्मृतीचा तुकडा मागते, कर्नल म्हणतो ही सोय नाही, आणि डेटाबेस तिथेच थांबतो. वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड त्या डेटाबेसमध्येच असतात. मग समोरचे पान कोणालाच ओळखत नाही. इथे पासवर्डवर घालवलेले प्रत्येक मिनिट वाया जाते.

सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीवर चालणाऱ्या लिनक्स वितरणांना (डिस्ट्रोंना) तर कर्नलकडून काही गोष्टी हव्याच असतात: सीग्रुप्स, डेव्हटीएमपीएफएस, आयनोटिफाय, सिग्नलएफडी, टायमरएफडी, ईपोल, युनिक्स सॉकेट. त्यांची यादी सिस्टिमडीच्या माहितीफाइलमध्येच दिलेली आहे. ती वाचायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास प्रत्येकाने द्यावा असे माझे ठाम मत आहे. टर्मिनलसाठी लागणारे ‘युनिक्स ९८ पीटीवाय’ बंद असले की एसएसएच पासवर्ड मान्य करते आणि मग टर्मिनल देता येत नाही म्हणते. म्हणजे ओळख पटलेली असते, फक्त बसायला जागा नसते. कूटबद्ध होम फोल्डर असेल आणि ते उघडणारे मॉड्यूल नसेल, तर ग्राफिकल लॉगिन क्षणभर आत घेते आणि पुन्हा लॉगिनच्या पडद्यावर आणून सोडते.

पॅमच्या एका जुन्या प्रकरणाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात कर्नलचा पर्याय, वितरणाची रीत आणि माणसाची सवय असे तीन धागे एकत्र आले होते. कोण लॉगिन झाले याची नोंद कर्नलच्या ऑडिट व्यवस्थेत ‘लॉगिनयूआयडी’ या आकड्याने राहते. हा आकडा एकदा लिहिला की पुन्हा बदलू द्यायचा नाही, असा एक पर्याय काही काळ कर्नलमध्ये होता. हेतू चांगला होता: कोणी आपली ओळख लपवू नये. जिथे सिस्टिमडीसारखी मध्यवर्ती प्रक्रिया सेवा सुरू करते तिथे तो बिनघोर चालत असे. पण जुन्या पद्धतीच्या वितरणावर व्यवस्थापक स्वतः लॉगिन करून एसएसएच सेवा हाताने पुन्हा सुरू करत. मग त्या सेवेला व्यवस्थापकाचाच आकडा चिकटून येई. पुढे कोणीही लॉगिन करू गेले की पॅम त्यांचा आकडा लिहू पाही, कर्नल नाही म्हणे, आणि पासवर्ड बरोबर असूनही सत्र उघडण्याआधीच मिटे. यंत्र बंद करून सुरू केले की सगळे ठीक, सेवा हाताने सुरू केली की पुन्हा तेच. अशी लपंडाव खेळणारी अडचण पाहून माणूस हैराण होतो. कर्नलच्या मदत-मजकुरात मात्र हा पर्याय कोणत्या प्रणालीवर चालू ठेवावा आणि कोणत्या प्रणालीवर बंद, हे सरळ लिहिलेले होते. पुढे तो पर्याय काढून टाकला गेला. पर्यायाशेजारचा मदत-मजकूर वाचल्याशिवाय हो-नाही करू नये, ही सवय त्यातून घेण्यासारखी आहे.

अशी अडचण फक्त शिकाऊ लोकांना येते असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये ५.३ हा कर्नल प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर अहमद दरविश या विकासकाच्या लॅपटॉपवर नवा कर्नल लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोहोचेना. कारण शोधत गेल्यावर जे निघाले ते विलक्षण होते. ईएक्सटी-४ या फाइल प्रणालीत एक चांगली सुधारणा झाली होती; डिस्कवरची ये-जा कमी झाली होती. पण डिस्कच्या त्या ये-जेतूनच कर्नल यादृच्छिक आकड्यांसाठीचा कच्चा माल गोळा करत असे. तो कमी पडला. ग्राफिकल लॉगिनला सत्राची गुप्त खूण बनवण्यासाठी यादृच्छिक आकडे हवे होते, ते मागून वाट पाहत बसले आणि संगणक स्वस्थ, डिस्क स्वस्थ, म्हणून नवा माल येण्याचे चिन्ह नाही. टोरवाल्ड्स यांनी ५.३ मध्ये ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली आणि ५.४ मध्ये कर्नल स्वतःहून असा माल तयार करील अशी तजवीज केली. फाइल प्रणालीतला बदल आणि लॉगिनचा पडदा यांचा संबंध कोणाच्या सहज ध्यानात येईल? तरी तो सापडला, कारण दरविश यांनी चालणारी आणि न चालणारी आवृत्ती यांच्यामधले अंतर निम्मे-निम्मे करत नेले आणि नेमका बदल गाठला. ही पद्धत गिटमध्ये ‘बायसेक्ट’ नावाने तयार आहे आणि पुस्तिकेत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे.

घड्याळाची बाब छोटी, पण घात करणारी. यंत्राच्या आतल्या घड्याळाचा ड्रायव्हर वगळला गेला किंवा मुळात तसे घड्याळच नसले, तर संगणक जुन्या तारखेने उठतो. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत असे घड्याळ बोर्डावर नव्हते. इंटरनेट लगेच मिळाले तर वेळ दुरुस्त होते. वीज गेली, आली, पण नेटवर्क दुपारपर्यंत आले नाही, असा दिवस आपल्याकडे नवा नाही. तारीख चुकली की सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ ठरते आणि तीस सेकंदांनी बदलणारा ओटीपी जुळत नाही. तारीख पाहायला एक आज्ञा पुरते. तपासणीच्या पहिल्या पाच आज्ञांत ती असावी.

आणि कधी कधी कर्नलचा यात काही संबंधच नसतो. कर्नलचा स्रोत उतरवताना दीडशे एमबीच्या आसपास असतो, म्हणून जागेची कोणी काळजी करत नाही. पण वितरणाचे कॉन्फिगरेशन तसेच घेतले आणि डिबग माहिती चालू राहिली, तर कम्पाइल होताना तो सहज दहा-वीस जीबी व्यापतो. लहान डिस्क गच्च भरते. भरलेल्या डिस्कवर ग्राफिकल लॉगिनला आपली छोटीशी फाइल लिहिता येत नाही, ब्राउझरला कुकी ठेवता येत नाही, आणि दोन्ही ठिकाणी आपल्याला दिसते ते एकच: लॉगिन होत नाही. तसेच सगळे काम सुडो लावून केले तर घरच्या फोल्डरमधल्या काही फाइल रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि परिणाम तोच. अशा वेळी जुना कर्नल निवडून संगणक सुरू केला तरी लॉगिन अडते. हीच खूण आहे. जुन्या कर्नलवर चालते आणि नव्यावर नाही, तर कारण कर्नल, त्याची मॉड्यूल किंवा कॉन्फिगरेशन यांत शोधावे; दोन्हींवर अडते, तर कर्नलला मोकळे सोडावे आणि डिस्क, मालकी, तारीख, सर्व्हर यांकडे वळावे. ही एक चाचणी निम्मे रान साफ करते. तिच्यासाठी जुना कर्नल संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत जिवंत असायला हवा. तो काढून टाकणे हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा नीटनेटकेपणा आहे.

दोन्ही कर्नलांची कॉन्फिगरेशन फाइल हाताशी असली की पुढचे काम सोपे होते. कर्नलच्या स्रोतातच ‘डिफकॉन्फिग’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती दोन फाइलींमधला फरक ओळीओळीने दाखवते. हजारो ओळींतून पाच-पन्नास उरतात. त्या वाचताना स्ट्रेसमधले नकाराचे उत्तर समोर ठेवायचे. मग पर्याय बदलून कर्नल पुन्हा कम्पाइल करायचा. त्यात वीज जाण्याचे भय बाळगू नये: मेक पुन्हा चालवली की तयार झालेल्या फाइल सोडून ती पुढचे काम उचलते. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे आणि त्याच्या सावलीतल्या गावांतही वीज जाते, ही गोष्ट मनाला लागते. पण कम्पाइलचे बहुतेक काम त्यामुळे वाया जात नाही.

फोनबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नलच असतो आणि जीपीएल परवान्यामुळे त्याचा स्रोत उत्पादकाला द्यावा लागतो. त्यामुळे हौशी विद्यार्थी फोनचाही कर्नल कम्पाइल करतात. त्यासाठी बूटलोडर उघडावा लागतो, तो उघडताना फोनवरचे सगळे पुसले जाते आणि मग बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप बहुधा लॉगिन नाकारते. हा नकार कॉन्फिगरेशनच्या चुकीमुळे येत नाही. ॲप गूगलच्या यंत्रणेकडे, आधी सेफ्टीनेट आणि आता प्ले इंटिग्रिटी, फोनच्या अस्सलपणाची विचारणा करते आणि उघडलेला बूटलोडर तिथे लपत नाही. कर्नल कितीही बिनचूक कम्पाइल केला तरी उत्तर तेच राहील. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या पुस्तिकेत मुद्दाम दिलेल्या नाहीत. ज्या घरात एकच फोन आहे, त्यावरच तेंदूपानाच्या मजुरीचा आणि शिष्यवृत्तीचा मेसेज येतो, त्या फोनवर हा प्रयोग करू नये. शिकायला जुना, बाजूला पडलेला फोन घ्यावा.

एवढे सारे वाचून कोणी विचारील की मग कर्नल कम्पाइल करावाच कशाला. रोजच्या कामाच्या यंत्रासाठी मी म्हणेन, करू नये. वितरणाचा कर्नल अनेकांनी तपासलेला असतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात वेळेवर येतात. पण शिकण्यासाठी याच्याइतका चांगला अभ्यास मला माहीत नाही. पदवीच्या वर्गात कार्यप्रणालीचा विषय आकृत्यांतून शिकवला जातो. प्रक्रिया, सॉकेट, सिग्नल ही नावे परीक्षेपुरती पाठ होतात. ईपोल बंद करून सुरू केलेला संगणक लॉगिनपर्यंत पोहोचतच नाही हे पाहिले, मग ते चालू करून सगळे सुरळीत झालेले पाहिले, की ते नाव पाठ करावे लागत नाही. आणि ज्याला ही रीत साधली त्याला सेतू केंद्रात, अंगणवाडीच्या ॲपवर किंवा रोजगार हमीच्या हजेरीत ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकून परत फिरणाऱ्या माणसासाठी पुढचा प्रश्न विचारता येतो: उत्तर सर्व्हरने दिले, फोनने दिले, की नेटवर्कने? हा प्रश्न विचारणारी माणसे या दोन जिल्ह्यांत गावोगावी हवी आहेत.

मांडणीबद्दल दोन शब्द. आज्ञा जशा टंकायच्या तशा परिशिष्टात आहेत. मुख्य मजकुरात त्यांचे काम मराठीत समजावले आहे. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, पण जुना कर्नल जपण्याचे पहिले प्रकरण कोणी वगळू नये. प्रयोग आभासी यंत्रावर करता आला तर उत्तम. चार जीबीच्या यंत्रावर ते जड जाते, म्हणून तिथे वेगळे विभाजन करून काम कसे करावे तेही दिले आहे.

वाचकांना एक विनंती आहे. तुमचे लॉगिन अडले आणि कारण सापडले, तर ते वहीत लिहून ठेवा: तारीख, कर्नलची आवृत्ती, पडद्यावरचा मेसेज शब्दशः, लॉगमधली ओळ, बदललेला पर्याय. कारण सापडले नाही तरी लिहा. ती वही वर्गात फिरवा, पुढच्या तुकडीला द्या आणि शक्य झाल्यास तिची प्रत आम्हाला पाठवा. पुढची आवृत्ती अशा नोंदींवरच उभी करायची आहे.